झिपऱ्या कुणाच्या हाती

खारशेत, दिघी बंदराजवळ
९ फेब्रुवारी १९५४

कृष्णाबाई,

तुझं कार्ड मिळालं. कुत्रं मिळणार न्हाय.

एवढंच लिहून टपालात टाकायचं होतं. पण तू लिहिलंस, "माझं तिथे काहीच नाही, एक मुकं जनावर तेवढं द्या," ते वाचून माझं डोकं फिरलं. तुझं काहीच न्हाय? आणि माझं काय हाय ग? लगीन झालं तेव्हा मी परकर-पोलक्यातली. ते मुंबईला साहेबाच्या बंगल्यावर स्वैपाकी. आधी शिमग्याला नि गणपतीला घरी यायचे, मग नुसते गणपतीला, मग तेही न्हाय. त्याच बंगल्यात तू आया होतीस नि साहेब विलायतेला गेला तसं तुम्ही दोघांनी परळला खोली घेतली, हे मला पाणवठ्यावर कळलं. सात वर्षं त्यांचं हसणं-बोलणं, उठणं-बसणं तुझ्या खोलीत. माझ्याकडे आलं ते दुखणं. पोटात पाणी झालेलं, पाय सुजलेले, वळखू न येणारं माणूस माझे दीर रावजीभाऊजी बोटीतून घेऊन आले नि माझ्या ओटीवर टेकवलं.

तुला बोटीवर पाय ठेवू दिला न्हाय, ते भाऊजींनी केलं. मी तसं सांगून धाडलं नव्हतं. पण मी तिथे असते तर मीही तेच केलं असतं. हे लिहून ठेवते, उगाच मला चांगली समजू नकोस.

त्यांच्या हातात पिशवी होती, ती सोडीनात. मला वाटलं औषधं असतील. तर तिच्यातून केसांचा गोळा बाहेर आला नि माझ्यावरच भुंकला! माझ्या घरात, माझ्या ओटीवर! मांजराएवढं जनावर, पण वाघाचा रुबाब. तुमचं ते टोबी की काय, ते इथे कुणाच्या तोंडी बसेना. गावाने झिपऱ्या नाव ठेवलं.

ते पौषात गेले. झिपऱ्या त्यांच्या पायापाशी होता. त्यांना बाहेर काढलं तेव्हा मागून चालत गेला नि वेशीवरून आपला आपण परत आला.

आता दहाव्याचं ऐक, म्हणजे तुला कळेल. पिंडाला कावळा शिवेना. झाडावर बसलेत, मान वाकडी करून बघतायत, पण खाली उतरायला एकही तयार न्हाय. भाऊजी बोलले, "दादा, शेतीचं मी बघीन." न्हाय. "दादा, रंगूचं बाळंतपण मी करीन." रंगू आमची लेक, उरणला दिलीय. तरी न्हाय. ऊन डोक्यावर आलं. आमच्यात बायका तिथे जात न्हायत, पण शेवटी मला बोलावणं आलं. भाऊजी बोलले, "वहिनी, दादाचा जीव कशात अडकलाय ते तूच सांग." मला कुठनं ठाऊक? सात वर्षं मी त्यांना बघितलं तरी होतं का? तरी सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत. मी हात जोडले नि बोलले, "तुमच्या झिपऱ्याला मी सांभाळीन. जीव हाय तोवर माझ्यापाशी ठेवीन, कुणाच्या हाती देणार न्हाय." बोलायचा अवकाश, कावळा उतरला नि शिवला.

"कुणाच्या हाती" म्हणजे तुझ्या हाती. ते मी मुद्दाम बोलले. कावळ्याने ऐकलं, त्यांनीही ऐकलं. आता तू मागितलंस म्हणून मी वचन मोडू, नि त्यांना तसंच लटकत ठेवू? पुन्हा कार्ड धाडू नकोस.

येसूबाई


खारशेत
२१ फेब्रुवारी

कृष्णाबाई,

धाडू नकोस बोलले तर खरंच धाडलं न्हायस. एवढी ऐकणारी बाई तू, मग माझ्या संसारात शिरताना कुणाचं ऐकत नव्हतीस?

असो. काम हाय म्हणून लिहिते. झिपऱ्या खात न्हाय. पेज दिली. भातात जवळा घालून दिला, ज्यावर गावातलं कुठलंही कुत्रं तुटून पडेल. हा वास घेतो नि तोंड फिरवतो, लाटसाहेब! दाव्याने पडवीच्या खांबाला बांधला तर ओढ घेऊन घेऊन खोकायला लागला, बदक ओरडावं तसा. सोडला तर खाडीच्या चिखलात लोळून आला. तो चिखल केसात वाळला नि कानामागे, पोटाखाली नुसत्या गाठी. कातर घेऊन बसले तर माझी जाऊ सोनाबाई धावत आली. "अगं बाई, जट आलीय त्याला! देवीची जट कापू नको, घराला बाधेल." मी बोलले, देवीला माणसं कमी पडली काय, कुत्र्याच्या अंगात यायला? पण कातर ठेवून दिली. घरात आत्ताच एक मरण झालंय, उगाच कशाला विषाची परीक्षा.

इथली कुत्री केस गाळतात, मोकळी होतात. ह्याचा एक केस भुईवर पडत न्हाय, माणसासारखे वाढतच चाललेत, डोळ्यांवर आलेत. काल चालताना उंबऱ्याला थडकला. हसू आलं मला, मग हसले म्हणून रडू आलं.

ह्याला कसं सांभाळायचं ते लिही. तुझ्याकडून काही मागायचं म्हणजे माझ्या जिवावर येतंय, पण मी वचन देऊन बसलेय नि मला जनावर कळत न्हाय. माझ्यासाठी लिहू नकोस. त्यांच्यासाठी लिही.

येसूबाई


खारशेत
१२ मार्च

कृष्णाबाई,

केवढं मोठं पत्र! टपालवाला बोलला, "काय येसूबाई, मुंबईचा कुणी वकील लावलाय की काय?" मी बोलले, व्हय, कुत्र्याचा खटला हाय.

आणि मला ताई म्हणू नकोस.

तू लिहिलंस तसं सगळं केलं. गळ्यातलं दावं काढलं. ह्या टेरियर जातीची गळ्याची नळी नाजूक असते, ओढ बसली की खोकला येतो, हे मला काय ठाऊक? माझ्या जुन्या पातळाची पट्टी काढून छातीवरून बांधली. खोकला थांबला. गाठींवर खोबरेल लावलं, मग बोटांनी सोडवल्या, आधी केसाचं टोक, मग मधलं, मग मूळ. रोज दुपारी बसायची. पहिल्या दिवशी चावला मला. मीही एक चापट दिली. मग दोघं परत कामाला लागलो. सोनाबाईची देवीची जट आली तशी गेली, कुणाला काही बाधलं न्हाय.

शिकेकाईने न्हाऊ घातला, पाठीवर मधोमध भांग पाडला, डोळ्यांवरचे केस वर घेऊन सुताने बांधले. कृष्णाबाई, काय सांगू! आतून वेगळंच कुत्रं निघालं. पाठ सुरमईच्या अंगावर निळसर छटा असावी तशी, नि तोंड पिवळं सोनं. जन्मला तेव्हा काळा कुळकुळीत होता नि वयाबरोबर रंग बदलला हे तू लिहिलंस, ते मी आधी खोटंच धरलं होतं. बाया बघायला आल्या. माझ्या कणगीतले उंदीर त्याने पकडले, तेही बघितलं सगळ्यांनी. आधी तोंडात धरून झटकतो, मग माझ्या पायाशी आणून टाकतो नि छाती काढून उभा राहतो. एवढासा जीव, पण स्वतःला केवढा समजतो! तुझ्या पत्रातलं ते एक वाक्य अगदी खरं, की ह्या जातीला आपण लहान हाय हे कुणी सांगितलेलंच नसतं.

खाणं मात्र जेमतेम. चहात पाव बुडवून द्या, लिहिलंस. पाव दिघीहून मागवावा लागतो. मागवला. तेवढा खाल्लान.

आता एक. तू लिहिलंस, "ते रोज संध्याकाळी अर्धा तास त्याला विंचरायचे, मला हात लावू द्यायचे नाहीत." हे वाचून मी पत्र खाली ठेवलं. हे माणूस माझ्या घरात असताना पाण्याचा तांब्या हाताने घेत नव्हतं. मला अक्षरं शिकवली तेवढी त्यांनी, लगीन झालं त्या पावसाळ्यात. मुंबईला पत्र धाडत जा बोलले. मी धाडत गेले, उत्तर कधी आलं तर आलं. माझे केस तेव्हा गुडघ्यापर्यंत होते, कृष्णाबाई. गावात नाव होतं माझ्या केसांचं. त्यांनी एकदासुद्धा हात लावला न्हाय.

तुझे विंचरायचे का ते?

उत्तर नको.

येसूबाई


खारशेत
३० मार्च

कृष्णाबाई,

उत्तर नको म्हणून लिहिलं होतं ना मी? ढळढळीत लिहिलं होतं. तरी लिहिलंस. विषमज्वर झाला होता, केसांचा गुंता झाला होता, डॉक्टर कापा बोलला, तर "न्हाय, मी सोडवतो" बोलले नि तुझं डोकं मांडीवर घेऊन बसायचे. मला हे कशाला सांगितलंस? मी विचारलं म्हणून? माणूस रागाने काहीही विचारतं. तू खोटं बोलायचं होतंस. एवढं तरी करायचं होतंस माझ्यासाठी.

दोन दिवस मी झिपऱ्याला हात लावला न्हाय. तिसऱ्या दिवशी तोच आला, फणी तोंडात घेऊन. आता तूच सांग, ह्याच्यावर राग कसा धरायचा?

पण गोष्ट चांगली न्हाय. शिमगा झाला तसा तो पावही खाईनासा झालाय. बरगड्या लागतात हाताला. केस एवढे म्हणून बाहेरून कळत न्हाय, न्हाऊ घातला की कळतं, नुसता उंदराएवढा राहिलाय. मधेच थरथरतो. तू सांगितलंस तसं जिभेवर साखरेचं पाणी लावते, तेव्हा उठून बसतो.

मला वाटलं त्यांच्यासाठी झुरतोय. त्यांचा सदरा मी धुतला नव्हता, तो पुढ्यात टाकला. झिपऱ्याने हुंगला. सगळीकडून हुंगला, बाह्या, गळा, खिसा. मग तो सोडून बाजूला जाऊन बसला. त्याला ठाऊक हाय ते गेले. पायापाशीच होता ना. तो वेशीवरनं परत आला तेव्हाच त्याचं संपलं होतं, आमचंच संपलं न्हाय.

आणि परवा तुझं पत्र आलं. मी फोडून ओटीवर ठेवलं नि चूल बघायला आत गेले. येऊन बघते तर ह्याने पत्र ओढून घेतलंय, त्यावर हनुवटी टेकून पडलाय नि शेपूट हलतंय. इथे आल्यापासनं पहिल्यांदा. मी घ्यायला गेले तर गुरगुरला. अर्धं पत्र मी तसंच, तो पडलेला असताना, वाकून वाकून वाचलं.

म्हणजे तो तुझ्यासाठी झुरतोय, कृष्णाबाई. मेलेल्या माणसासाठी न्हाय, जित्या बाईसाठी.

मला किती लागलं ते लिहीत न्हाय. त्यांची एक वस्तू माझ्याकडे राहिली, तीही मनाने तुझीच निघाली.

येसूबाई


खारशेत
१७ एप्रिल

कृष्णाबाई,

भटजींना विचारलं, पिंडापाशी दिलेलं वचन मागे घेता येतं का. ते बोलले, "जित्याला दिलेलं वचन असतं तर त्याची माफी मागता येते. हे कुणाकडे मागणार?" भाऊजींच्या कानावर गेलं. ओटीवर येऊन ओरडले, "कुत्र्यापायी माझ्या भावाला अधांतरी ठेवशील? त्या बाईने जितेपणी नेला, आता मेल्यावरही तिलाच द्यायचं?" भाऊजी वाईट न्हायत. ते भावासाठी दहा दिवस भुईवर झोपले, दिवसातून एकदाच जेवले. त्यांनाही त्यांच्या पद्धतीने दुखतंय.

मग मी माझं डोकं चालवलं. मी बोलले होते "माझ्यापाशी ठेवीन." मग झिपऱ्या इथेच राहू दे नि तूच इथे ये. वचनही राहील, कुत्रंही जगेल. माझं घर वेगळं, भाऊजींचं वेगळं, मधे एक दगडांचा गडगा हाय तेवढाच. ते बोलणं बंद करतील, करू देत. बाया पाणवठ्यावर बोलतील. आधीही बोलतच होत्या, तेव्हा मी एकटी ऐकायची, आता दोघी ऐकू.

ओटीवर नको, घरात ये. मधल्या घरात दोघींपुरती जागा हाय. मला स्वैपाक त्यांच्यासारखा येत न्हाय, पण तांदूळ घरचा हाय. मी स्वभावाने तिखट हाय हे तुला एव्हाना कळलंच असेल, त्याला इलाज न्हाय. गोड बोलून घेईन असं कबूल करत न्हाय. पण उपाशी ठेवणार न्हाय नि घालवून देणार न्हाय.

लवकर कळव. पाऊसकाळाला बोट बंद झाली की नारळी पुनवेपर्यंत सुरू होत न्हाय. तेवढं हा जगत न्हाय, मला दिसतंय ते.

येसूबाई


खारशेत
९ मे

कृष्णाबाई,

तुझं पत्र झिपऱ्याला आधी दिलं, मग मी वाचलं.

तू येणार न्हायस. "ज्या माणसाने धक्क्यावर सगळ्यांदेखत मला हाताने मागे लोटलं, त्याच्या गडग्यापलीकडे मी राहणार नाही," लिहिलंस. वाचून मला राग यायला हवा होता, आला न्हाय. मीही आले नसते.

पण पुढचं जे लिहिलंस ते मी चारदा वाचलं. "वचन मोडू नका. टोबी गेला तर जाऊ द्या. मी त्याला पिल्लू असताना बोटाने दूध पाजलंय, पण त्यांचा जीव अडकायला नको. त्यांना सुटू द्या. मी पुन्हा मागणार नाही."

आणि अक्षर सगळं वाकडंतिकडं.

अगं, मला वाटलं होतं तू हिसकावणारी हायस. सात वर्षं मी मनात तुझं एक तोंड बनवून ठेवलं होतं, रंगवलेलं, पानाने लाल झालेलं, नि रोज त्या तोंडाला शिव्या घालायची. त्याच बाईने आता त्यांच्यासाठी स्वतःचं लेकरू मरायला सोडलं. मी काय सोडलं ग त्यांच्यासाठी? माझ्याकडून सगळं काढून घेतलं गेलं. हातात धरलेलं मी एकही सोडलं न्हाय. मी पिंडापाशी बोलले तेसुद्धा अर्धं तुझ्यावर दात धरून बोलले.

काल झिपऱ्या उठला न्हाय. फणी घेऊन बसले तर नुसते डोळे वर केले नि पुन्हा मिटले. मी त्याला मांडीवर घेतला नि तिथेच ठरवलं.

नीट वाच. मेच्या बावीस तारखेची बोट शेवटची. ती मुंबईहून येते, श्रीवर्धनला जाते नि तशीच माघारी फिरते. तू त्या बोटीत बस. दिघीला उतरू नकोस, कुणाचा हात लागायला नको तुला. बोट खाडीच्या तोंडाशी थांबते, उतारू लहान पडावाने ये-जा करतात. त्या पडावात मी असेन. मी उभ्या जन्मात पडावात बसले न्हाय, पाण्याला भिते. तरी असेन. तू वरून हात खाली कर, मी झिपऱ्याला वर देते.

वचन मी मोडतेय. तू मागितलं न्हायस, हे लक्षात ठेव नि कुणी विचारलं तर सांग. पाप लागायचं तर मला लागेल. त्यांचा जीव अधांतरी राहिला तर माझ्यामुळे राहिला. इतकी वर्षं मी अधांतरी राहिले, ते राहतील थोडे.

हे लिहून पुन्हा वाचलं. पण खोडत न्हाय.

तोवर मी त्याला जगवते. शेळीचं दूध घालते कापसाच्या बोळ्याने.

येसूबाई


खारशेत
१४ जून

कृष्णाबाई,

पोचल्याचं कार्ड मिळालं. पाव खातो, जिना चढतो, शेजाऱ्याच्या मांजरावर धावून जातो. बरं झालं. मी सोनाबाईला वाचून दाखवलं, ती पदराने डोळे पुसत बसली. भाऊजी गडग्यापलीकडून ऐकत होते. झिपऱ्याला तुझ्या हाती दिला त्या दिवसापासनं ते माझ्याशी बोलत न्हायत. त्यांनी नारळ घेतला, खाडीत सोडला, भावाची माफी मागितली नि मला वहिनी म्हणायचं थांबवलं.

त्या दिवशी आपलं बोलणंच झालं न्हाय. पडाव एवढा हालत होता, मी एका हाताने काठ धरलेला नि दुसऱ्या हाताने ह्याला छातीशी. मला वांती येत होती. नावाडी कोंडाजी ओरडत होता, "येसूबाय, खाली बस, सगळ्यांना बुडवशील!" वर उतारूंची गर्दी. मी विचार केला, हिला वळखायची कशी? मी तर तुला कधी बघितलं न्हाय. मग वर एक हडकुळी बाई दिसली, मोकळं कपाळ, हातात एक बांगडी न्हाय. तुझ्या बांगड्या कुणी फोडल्या ग? माझ्या फोडायला सगळी भावकी जमली होती. तुझ्या तू एकटीने फोडल्यास ना? तू वरून "ताई" म्हणून हाक मारलीस, ती ऐकली मी.

मी वळखायची गरजच नव्हती. झिपऱ्याने आधी वळखलं. पंधरा दिवस मान न उचललेलं कुत्रं, ते माझ्या हातात असं उसळलं, की मला वाटलं पाण्यात पडतंय. मी वर केलं, तू वाकलीस, नि ते गेलं. तुझ्या गळ्याशी घुसलं. माझ्या हाताला नुसते केस लागले, लांब, मऊ, मी सकाळीच विंचरलेले.

कोंडाजीने पडाव फिरवला. मी बघत होते. वळून बघेल, एकदा तरी बघेल. रोज दुपारी मांडीवर घेऊन बसले, बोळ्याने दूध पाजलं, त्याच्यापायी मेलेल्या नवऱ्याला दिलेला शब्द मोडला. बोट दिसेनाशी होईपर्यंत बघत होते. न्हाय बघितलं त्याने.

तेही कधी बघायचे न्हायत. गणपती झाले की मी त्यांना धक्क्यावर सोडायला जायची, पडाव लांब जाईपर्यंत उभी राहायची. ते पुढे तोंड करून बसलेले असायचे. मला वाटायचं, मी रडते ते बघवत न्हाय म्हणून वळत नसतील. घरी येऊन सासूला तसंच सांगायची. त्या दिवशी ह्या कुत्र्याने मला खरं काय ते दाखवलं. समोर आपलं माणूस दिसलं की मागे कोण उभं हाय ते कुणाला आठवत न्हाय. त्यात वाईटपणा काही नसतो. मी त्यांच्यावर इतकी वर्षं फुकट रागावले. ते वाईट नव्हते. मी त्यांचं माणूस नव्हते, एवढंच.

हे आधी कळलं असतं तर कमी रडले असते की जास्त, ठाऊक न्हाय. आज लई रडले. सोनाबाई विचारत होती काय झालं, मी बोलले धूर गेला डोळ्यात. चूल पेटलेलीच नव्हती.

आता एक सांगायचं राहिलं. सगळे बोलतात, वचन मोडलं, आता त्यांचा जीव घराभोवती घिरट्या घालत राहील. मी पहिले काही दिवस भीत होते. पडवीत काही वाजलं की उठून बघायची. भीत होते असं म्हणते, पण खरं सांगू का, मी वाट बघत होते. दार लोटून ठेवायची, कडी लावत नव्हते.

कुणी आलं न्हाय.

मग माझी मला समजूत पटली. ते सुटले नसतील नि कुठे जायचं झालं, तर इकडे कशाला येतील? जितेपणी आले न्हायत. तुझ्याकडेच येतील, परळला.

आले तर मला एक कार्ड टाक, कृष्णाबाई. बाकी काही लिहू नकोस. आले होते, एवढंच लिही.

येसू